जंतूंचा पाहुणचार

"मॅडम, तुमचे मजूर सकाळपासून उपाशी आहेत," गॅरेजवाला म्हणाला आणि मातीचा नमुना घ्यायला वाकलेल्या मॅडमचं डोकं फिरलं. एक तर मजूर म्हणजे जंतू होते. दुसरं म्हणजे मॅडम म्हणणारा हा माणूस तिचा सख्खा बाप होता.

प्रयोगशाळेत तिनं एवढंच सांगितलं होतं की एक बंद पडलेलं गॅरेज आहे, तिथली माती तेल पिऊन काळी पडलीय. पहिल्याच दिवशी गॅरेज बघायला आलेल्या तिच्या साहेबांनी विचारलं, "कोणत्या नालायकानं ही दशा केली?" ती नमुन्याच्या बाटलीवर तारीख लिहू लागली. बाबा मागेच उभे होते. तेव्हापासून त्यांनी "मॅडम" सुरू केलं.

"बाबा, आत्ता इथं कोणी नाहीये."

"सवय मोडायला नको, मॅडम."

जमिनीत सळया रोवल्या होत्या. त्यांतून बेताची वीज सोडली की ओल सरकायची, ओलीबरोबर जंतू घट्ट मातीत शिरायचे आणि तेल खायचे. निदान खायला हवं होतं. आकडे मात्र जागचे हलत नव्हते, आणि का ते तिला आज कळलं. बाबांनी उभ्या हयातीत कोणाला उपाशीपोटी कामाला जुंपलं नव्हतं. जंतूंना ते रोज बादलीभर साखरपाणी घालत होते.

"आयतं गोड मिळाल्यावर ते तेलाला तोंड कशाला लावतील?"

"म्हणजे माझ्यावरच गेलेत. तुझी आई होती तोवर मला तरी चहा कुठं करता येत होता?"

दोन दिवसांत साखरेमागे मुंग्या आल्या. मुंग्या विजेच्या पेटीत घुसल्या आणि वीज बंद पडली. मुंग्यांची वाट अडवायला बाबांनी सळयांभोवती रॉकेल शिंपडलं. ज्या मातीतलं तेल काढायचं, तिलाच वरून तेल.

"तुम्ही आता कशालाही हात लावायचा नाही," ती म्हणाली. "काही कळत नाही त्यातलं."

"बरं, मॅडम." हात पुसत ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

रजा संपवून ती गॅरेजवर आली तेव्हा साहेब मुंग्या बघून आणि मातीचा वास घेऊन लालबुंद झाले होते. रजा कशासाठी होती हे तिनं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

"साखर काय, रॉकेल काय. अडाणी कुठला. बोलवा त्याला, चांगला झापतो."

"येणार नाहीत."

"का? पळाला वाटतं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यातलं बरंचसं ती स्वतःच बाबांना बोलली होती. पण घरच्यानं बोलणं वेगळं, आणि असल्या उपटसुंभानं बोलणं वेगळं.

"अरेतुरे करू नका, साहेब," ती म्हणाली. "बाबा होते ते माझे. गेले. आणि ही माती काळी झालीय ती माझ्या शिक्षणापायी."