गार्डीणबाईंचा खुनी

गार्डीणबाई कुणाच्या मयताला गेल्या की आधी घरातला पाण्याचा तांब्या हुंगायच्या आणि मग डोळ्याला पदर लावायच्या. एकदा ऐंशीच्या पुढची एक म्हातारी गेली, तर तिच्या उशाशी बसून त्यांनी सुनेला हळूच विचारलं, "शेवटचं दूध कुणी पाजलं व्हतं?" सून रडायची थांबली आणि घाबरून माझ्याकडं बघायला लागली. क्षणभर मलाच वाटलं, मी तर पाजलं नाही ना?

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात त्यांची आणि आमची भिंत एकच होती. त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड, म्हणून त्या गार्डीणबाई. मी मावशी म्हणायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोन माणसं आणि खुनाची पुस्तकं. पुस्तकं उर्दूत असायची, कारण गार्डसाहेब निजामाच्या अमलात उर्दूतच शिकलेले. बाईंना कुठलंच अक्षर येत नव्हतं. साहेब ड्यूटीवरून आले, जेवण झालं, की पुस्तक उघडून मराठीत सांगत बसायचे. भिंतीच्या अलीकडं मीही ऐकायची. भाकरीसुद्धा हळू थापायची.

गोष्ट बहुतेक सारखीच. मोठा बंगला, आत सात-आठ पाहुणे, आणि सकाळी शेटजी चहाच्या कपापाशी मरून पडलेला. रक्ताचा थेंब नाही. मग एक शांत माणूस यायचा, प्रत्येकाला दोन-दोन प्रश्न विचारायचा आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून कोण ते सांगायचा. आमच्या भागात रझाकारांच्या दिवसांत माणसं गेली, ती काही फार जुनी गोष्ट नव्हती. कुणी मारलं, का मारलं, हे विचारायला आमच्याकडं कुणी आलं नाही. पुस्तकात मात्र एका खडूस शेटजीसाठी सगळे थांबायचे. मला ते फार बरं वाटायचं.

गोष्ट अर्ध्यावर असतानाच ड्यूटीचं बोलावणं यायचं. साहेब गेले की बाई तो अर्धा खून घेऊन दारोदार फिरायच्या.

"काय करायलीस?" एकदा त्या माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"स्वयंपाक, मावशी."

"तू त्या बंगल्यात असतीस, तर शेटजीला इख कशातून दिलं असतंस?"

"मी कशाला देऊ, मावशी?"

"सगळे असंच म्हणतेत. नीट इचार करून सांग."

मला मोठ्या माणसांपुढं बोलायला सुचत नाही. खूप विचार करून म्हटलं, "आमटीतून. फोडणीचा वास असतो ना."

बाईंनी माझ्याकडं लय आदरानं बघितलं. पुढं बरेच दिवस त्यांनी आमच्या घरचं काही खाल्लं नाही.

थंडीतली गोष्ट. कापसाचा हंगाम होता. गार्डसाहेबांची मालगाडी सकाळी यायची, ती दुपार झाली तरी आली नाही. आमचे हे इंजिनाच्या शेडमध्ये कामाला. जेवायला आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "मानवतच्या बाजूला कापसाच्या गाठींच्या डब्यानं पेट घेतला म्हणे. एक माणूस भाजलाय. कोण, ते कळलं न्हाई. तू काही बोलू नकोस."

आमच्या क्वार्टरात रीत होती. गाडी लेट झाली तर त्या घरात जाऊन बसायचं, पण 'आले का' असं विचारायचं नाही. मी जाऊन बसले. बाई तांदूळ निवडत होत्या. निवडून झालेले पुन्हा सुपात घेत होत्या. त्यांनाही कळलं होतं, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात शाळेतले मास्तर आले. त्यांनाही उर्दू येत होतं. त्यांचा जीवही कासावीस झाला असावा, कारण काही सुचेना म्हणून त्यांनी कोनाड्यातलं पुस्तक उचललं. "वैनी, चारच पानं ऱ्हायलीत. वाचून दावू का? तेवढाच जीव रमंल."

बाईंनी सूप खाली टाकलं आणि पुस्तक त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

"तुमी न्हाई वाचायचं."

"अहो, खुनी तर कळंल."

"मला न्हाई कळायचा आज."

मास्तर ओशाळून निघून गेले. बाई पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुला वाटलं आसंल, बोलावणं येतंय म्हणून अर्धं ऱ्हातंय. न्हाई गं. मीच थांबवते त्यांला. ऱ्हायलेलं असलं की माणसाला यावं लागतंय."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मावशी, मला पुस्तकातल्या त्या डॉक्टरवर संशय आहे."

"का?"

आता कारण द्यावं लागलं. डॉक्टर संपला, मग शेटजीचा भाचा घेतला, मग स्वयंपाकीण. मी आयुष्यात एवढं बोलले नसेन. थांबले की त्यांची नजर दाराकडं जायची, म्हणून थांबले नाही. त्या प्रत्येकाला खोडून काढत होत्या. "भाचा न्हाई, तो घोड्यावर व्हता," असं म्हणताना मांडीवरचं पुस्तक घट्ट धरत होत्या.

उन्हं कलल्यावर साहेब दारात उभे राहिले. तोंड काजळीनं काळं, कोटाची एक बाही जळालेली, पण माणूस धड. भाजला तो दुसरा कुणी, आणि तोही वाचला. बाईंनी पाण्याची बादली भरून दिली. मी घरी आले आणि चुलीपाशी बसून रडले.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज आला. चार पानांतली तीन झाली.

"सगळे खोलीत बसले. आता खुन्याचं नाव सांगतो."

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. "सकाळी ड्यूटी हाय?"

"हाय."

"मग आदी नवं पुस्तक काढा. त्याच्यातला शेटजी मरू द्या, मग सांगा ह्यातला खुनी."

पुस्तकांची ट्रंक उघडल्याचा आवाज आला.