मगदूमांचा कर्करोग हाताने करून खातो

बाळगोंडा मगदूमांचा प्रोस्टेटचा कर्करोग त्यांच्याबरोबर तपासणीला आला आणि शेजारच्या खुर्चीवर बसला. त्याच्या हाताला फोडणीचा वास येत होता.

माझाही आला होता. आम्ही मिरजेत भिंतीला भिंत लावून राहतो, आणि हार्मोनचं इंजेक्शन दोघांना एकाच दिवशी सुरू झालं. हा रोग पुरुषी हार्मोनवर जगतो; इंजेक्शनने त्याचा डबा बंद होतो. माझा भिंतीकडे तोंड करून झोपला आणि बारीक होत गेला. मी ते गल्लीभर सांगत सुटलो होतो. मगदूमांचा मात्र थोडा सुकला आणि पुन्हा अंगाने भरला.

डॉक्टर शिकलगारांनी त्यालाच विचारलं, "डबा बंद आहे ना?"

"बंद हाय की."

"मग खाता काय?"

"हातानं करून खातो. कुणावर भार नको."

डॉक्टरांनी मान डोलावली. "काही असे निघतात. स्वतःच हार्मोन रांधायला शिकतात. काही खरकट्यावर भागवतात. काहींना पुढे जेवणच लागत नाही. कोण काय करील, ते आधी नेमकं सांगता येत नाही."

"आमच्याकडे पहिल्यापासून शिस्त आहे," मी म्हणालो.

"तुमचं त्यात काही नाही. तुमचा रोग आळशी आहे."



मगदूमांना इंजेक्शनाच्या जोडीला गोळ्या दिल्या. गोळ्यांनी रोगाची शेगडी विझली आणि तो वाळू लागला. मगदूमही औषधांनी बेजार झाले. मधेच अंगातून वाफा निघत, आणि मालिकेत कुणाचं लग्न लागलं तरी ते रडत.

पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी मी रिक्षा घेऊन गेलो, तर त्यांच्या पत्नी पद्माक्का दारात तयार होत्या, पण मगदूम चप्पल घालेनात. "या वेळचं राहू द्या," म्हणाले.

"राहू द्या, अक्का," कोपऱ्यातून त्यांचा रोग म्हणाला. "मालक दमल्यात. मीबी लई दिवस उपाशी हाय."

पद्माक्कांनी जन्मभर मेस चालवली होती. महिन्याचे पैसे थकवणाऱ्या मेंबरलाही त्यांनी कधी उपाशी उठवलं नव्हतं. त्या रोगाच्या खप्पड गालांकडे बघत राहिल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "चप्पल घाला. मला तुम्ही पायजे."

मगदूमांनी डोळे पुसून चप्पल घातली.

"आनि तू," त्या रोगाला म्हणाल्या, "मेस बंद हाय. चल, डॉक्टर तुलाबी बघनार."

तो मुकाट्याने उठला. आता इतका बारीक झाला होता, की रिक्षात मागे आम्ही सगळे मावलो. माझा मी मांडीवर घेतला.