आपापला टॉवेल

खारी गावाला लागून असलेल्या बिल्डिंगचे सेक्रेटरी कोंडिराम घरातही काळा गॉगल लावून बसले होते. दारात हंसाबेन उभ्या. त्यांनाही गॉगल.

"सेक्रेटरी, मेरे घर में सबकी आँख आ गई. तुमच्या काविळीच्या लसीने!"

"अहो बेन, माझेपण आलेत. मी काय मुद्दाम आणले?"

मागून खारीतले दाजी गरजले, "आमचे घरान कवा कोनाचे डोले आले न्हाय. सुई टोचली न् लाल!"

रविवारी तळमजल्यावर लसीचा कॅम्प झाला होता. कोंडिरामांचा धाकटा भाऊ काविळीने गेला होता. कॅम्प त्यांनीच हट्टाने भरवला. माणूस मूळचा परभणीकडचा. आलेल्याला तोंड धुवायला पाणी आणि पुसायला टॉवेल दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लस घ्यायला आलेलेही पाहुणेच. पहिला मान दाजींना, कारण ते वयाने मोठे. दाजी आले तेच डोळे चोळत. त्यांच्यानंतर त्याच टॉवेलला अख्ख्या बिल्डिंगने तोंड पुसलं.

हे संध्याकाळी डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. "लसीने नाही हो, तुमच्या पाहुणचाराने आले डोळे."

कोंडिराम आधी ओशाळले, मग त्यांना हुरूप आला. "म्हणजे लसीचा दोष न्हाई! उद्या घरोघर जाऊन सांगतो. दुसऱ्या डोसला एकही घर सुटायला नको. बरोबर ना, वैजू?"

त्यांची मुलगी वैजयंता पुस्तकात होती. "हं," ती म्हणाली. ते कायम असंच विचारत आणि ती कायम एवढंच म्हणे.

सकाळी कोंडिराम उठले नाहीत. हृदयाचं दुखणं जुनं होतं.

परभणीहून गिरिजा आत्या आली आणि चकित झाली. "का गं, हितं मातीला काळे चष्मे घालून येत्यात?"

"डोळे आलेत सगळ्यांचे, आत्या."

"मला वाटलं, दादानं केवढा जीव लावला. समद्यांच्या डोळ्याला धार!"

फक्त वैजयंताचे डोळे कोरडे होते. कॅम्पच्या दिवशी ती पुस्तक घेऊन वरच बसली होती.

दुसऱ्या डोसची तारीख जवळ आली, तेव्हा तिने कधी न वाजवलेली दारं वाजवली. डोळे कशाने आले ते सांगितलं. "रविवारी या. आपापला टॉवेल आणा."

"देखेंगे," हंसाबेन म्हणाल्या.

रविवारी बराच वेळ डॉक्टर आणि ती दोघंच होती. मग खांद्यावर टॉवेल टाकून दाजी आले. मागे हंसाबेन, त्यांच्यामागे बिल्डिंग. प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल, जणू सगळे विहिरीवर अंघोळीला निघालेत.

"सुईची चूक नव्हती, ता समजला मना," दाजी पुटपुटले. "कोंडिरामला सांगाचा ऱ्हायला."

शेवटी वैजयंताने बाही वर केली. तिचा हा पहिलाच डोस. सुई टोचली आणि डोळे भरून आले ते थांबेनातच.

"अरे, तुझेपण आले?" हंसाबेन दोन पावलं मागे सरल्या. दाजींनी टॉवेल पुढे केला, मग आठवण होऊन पटकन मागे घेतला.

वैजयंता कोंडिरामांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बरोबर होतं, आण्णा," ती सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली. "सगळं बरोबर होतं. टॉवेल सोडून."