अनुक्रमणिकेतला मान

मंडळाच्या स्मरणिकेचं काम रंजनानं अंगावर घेतलं ते काही हौसेनं नाही. सुरतेजवळ हजिऱ्याला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात तिला कॉम्प्युटरवर टायपिंगची नोकरी मिळत होती. नवरा वाल्मिक राजी होता, आणि सासूबाई पुष्पाबाईंनी तर डब्यात काय द्यायचं इथपर्यंत ठरवून टाकलं होतं. अडलं होतं ते सासऱ्यांपाशी. सुकलालनाना पांडेसऱ्याच्या कापड-रंगाई मिलमध्ये मुकादम, शिवाय खानदेशी मंडळाचे चिटणीस. आधी स्मरणिका नीट काढून दाखव, मग नोकरीचं बघू, असं त्यांनी सांगितलं. सून कामाला आली तर चारचौघांत मान वाढेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

ओळखीच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर रंजना दुपारी बसू लागली. कमिटीच्या प्रत्येकाला स्मरणिकेत एक पान होतं. वर ठळक नाव, खाली फोटो आणि शुभेच्छा. नावं तिनं शीर्षकाच्या अक्षरात घातली, बटण दाबलं आणि कॉम्प्युटरनं आपणहून अनुक्रमणिका मांडून दिली. फोटोंचीही यादी झाली. नानांना इतकं कौतुक वाटलं की तो कच्चा कागद ते थेट मंडळाच्या बैठकीत घेऊन गेले.

तिथंच माशी शिंकली. तोवर आपलं पान कुठं आहे याची कुणालाच पडली नव्हती. अनुक्रमणिकेनं मात्र सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, आणि कोण कुणाच्या मागं ते पांढऱ्यावर काळं झालं. सुरतेला आधी कोण आलं, भाऊबंदकीत थोरलं घर कुणाचं, कुणाच्या मुलीचं सासर मोठं, हे सगळं निघालं. मग एकेकजण क्लासवर येऊन, चहा पिऊन, मला काही नाही पण लोक नावं ठेवतात, असं सांगू लागला. रंजना त्याचं पान पुसायची, पुढं नव्यानं टाइप करायची आणि अनुक्रमणिकेतलं नाव हातानं वर सरकवायची. की दुसऱ्या दिवशी दुसरा त्याच्याही पुढं. अध्यक्ष गणपतआप्पा तर पहिल्या नंबरावर होतेच, पण त्यांना मंडळाच्या उद्देशांच्याही आधी जायचं होतं; मग त्यांचंही पान हललं.

नाना तेवढे काही बोलले नाहीत. सून कामावर बसलेली, आपण पुढं गेलो तर लोक म्हणतील घरचंच ताट आधी वाढलं. त्यांचं पान होतं तिथंच राहिलं.

फ्लॉपी घेऊन नाना स्वतः पर्वत पाटियाच्या प्रेसमध्ये गेले. छापण्याआधी कॉम्प्युटरनं अनुक्रमणिकेतले आकडे पुन्हा तपासले. प्रत्येक पानावर त्यानं आपली एक लपवलेली खूण ठेवलेली असते. पानं पुसली तेव्हा खुणाही पुसल्या गेल्या, हे रंजनाला कुठं ठाऊक? खूण सापडेना, तेव्हा त्यानं आकड्याच्या जागी ठसठशीत इंग्रजीत छापलं, ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड.’ प्रेसवाल्या गुजराती भाईंना मराठी येत नव्हतं. गिऱ्हाइकाचंच काहीतरी असेल म्हणून त्यांनी सगळ्या प्रती काढून दिल्या.

कार्यक्रमात प्रती वाटल्या गेल्या आणि रंजनाच्या तोंडचं पाणी पळालं. आप्पांनी चष्मा लावला, बोट फिरवलं, आपल्या नावासमोरचं इंग्रजी पाहिलं आणि मान डोलावली. बाकीच्यांनीही आपापलं पाहिलं. अर्थ कुणी विचारला नाही, कारण विचारलं की आपल्याला येत नाही हे उघड झालं असतं. एकानं तर आपल्या व्याह्यांना बोलावून दाखवलं. रंजनाच्या जिवात जीव आला.

पुस्तक मिटून बसले ते फक्त नाना. बाकी सगळ्यांच्या नावापुढं इंग्रजी, आणि त्यांच्या नावासमोर साधा चौसष्टचा आकडा होता. घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

“बठ्ठास्ना नावपुढे इंग्रजी,” ते अहिराणीत म्हणाले, “मना नावपुढेच काबर नही?” आणि आता नोकरीचं नाव काढू नकोस, असं बजावून भिंतीकडं तोंड करून बसले.

रंजनाला आधी राग आला, मग वाईट वाटलं. मिलमध्ये शेठ त्यांना उभा जन्म ‘ए खानदेशी’ म्हणून हाक मारत आला होता. आख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, छापून आलं होतं ते याच पुस्तकात. आता गप्प बसावं तर नोकरी जाते आणि त्यांच्या मनातली अढी राहते. बोलावं तर आपली चूक उघडी पडून नोकरी जाते.

“सांगी टाक,” पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. “राग उना तर मी शे ना.”

रंजना नानांसमोर जाऊन बसली. “नाना, तुम्हनं एकलंच पान बराबर शे. बाकी बठ्ठास्ना नावपुढे, चूक शे, पान सापडत नही, असं लिखेल शे.”

नानांनी पुस्तक जवळ ओढलं. बराच वेळ ते एकेक नाव बघत होते.

“म्हनजे आप्पाबी चूक?”

“पहिली चूक आप्पास्नीच शे, नाना.”

नानांचे खांदे हलायला लागले. पुष्पाबाई घाबरून धावल्या, तर ते हसत होते. हसून झाल्यावर त्यांनी ताट मागितलं. “सोमवारपाइन जाय हजिराले,” ते म्हणाले. “पन हाई बाहेर सांगू नको. लोकेस्नं मन मोडी.”

पुढं गणपतआप्पा मुद्दाम घरी आले. चिटणिसाचं मन दुखावलं, ही बातमी त्यांच्या कानावर गेली होती. “सुकलाल,” ते समजुतीनं म्हणाले, “पुढला सालले तुनाबी नावपुढे ते इंग्रजी टाकी देऊत.”

“नको आप्पा,” नाना घाईघाईनं म्हणाले, “मी साधाच बरा.”

आप्पांनी कप खाली ठेवला. मग त्यांचे डोळे भरून आले. मानाच्या बाबतीत इतका निर्लोभी माणूस आपण पाहिला नाही, पुढचा अध्यक्ष तूच, हे मी बैठकीत स्वतः सांगणार, असं ते म्हणाले. आतल्या खोलीतून रंजनाचा दाबलेला ठसका ऐकू आला. खरं सांगावं तर सगळ्या मंडळाची मान खाली जाते, न सांगावं तर आपण साधुपुरुष ठरतो. नानांना दोन्ही जमेना, म्हणून ते खाली मान घालून बशीतला चहा फुंकत राहिले, आणि आप्पांना तोही विनयच वाटला.