पहा: सखारामभाऊ

कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी मी ग्रंथालयात शिरलो तो ज्ञानासाठी नव्हे, तहानेपोटी. जुलै उजाडला तरी बऱ्हाणपुरातलं ऊन मे महिना सोडायला तयार नव्हतं. टेबलामागे एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल. मी विचारलं, "पाणी कुठे मिळेल हो?"

त्यांनी डोळे मिटले. "पाणी," ते म्हणाले, "पहा: माठ. माठ, व्हरांडा, डावा कोपरा. हेही पहा: पेला. खिडकीत."

मला वाटलं, ऊन लागलं असावं. त्यांना की मला, हे मात्र ठरेना. पण माठ डाव्या कोपऱ्यातच होता आणि पेला खिडकीत.

हे आमचे ग्रंथपाल सखारामभाऊ महाजन. अख्खं कॉलेज त्यांना 'कार्डवाले भाऊ' म्हणे. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक शास्त्रीय नियतकालिकातल्या प्रत्येक लेखाची ते दोन कार्डं करत. एक विषयाच्या खणात जाई, दुसरं लेखकाच्या. असे लाकडी खण छतापर्यंत गेले होते. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नुसती पुस्तकांची नोंद ठेवली असती तरी भागलं असतं. पण भाऊंना ते पटत नसे. "पुस्तक कपाटात दिसते," ते म्हणत. "लेख अंकाच्या पोटात राह्यतो. त्याले कोण शोधीन?"

त्यांच्या साऱ्या शास्त्राचे दोन मंत्र होते. 'पहा' म्हणजे तुम्ही शोधताय ते इथं नाही, तिथं आहे. 'हेही पहा' म्हणजे इथं तर आहेच, शिवाय तिथंही आहे. एवढं समजलं की जगात काही हरवत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणी पोरगा घाईघाईत आला, "भाऊ, वो केळी के रोगवाला लेख मिला क्या? सर बोले, पिछले साल आया था, उसमें फोटो भी था," की भाऊ हात वर करत. "विषय बोल बेटा. कथा नको सांगू." पोरानं विषय नीट बोलेपर्यंत ते हात खाली घेत नसत.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी त्यांच्या शनवारा पेठेतल्या खोलीवर गेलो. एकटा जीव, चार डबे, प्रत्येक डब्यावर कार्ड. भाऊंनी चूल पेटवली आणि मला साखर काढायला सांगितली. साखरेचा डबा उघडला, तर आत कार्ड: 'पहा: गूळ.' गुळाचा डबा उघडला. त्यात: 'पहा: वाणी.' आम्ही तिळगुळाचा लाडू चावत कोरा, बिनगोडाचा चहा प्यालो. व्यवस्थेत चूक कुठंच नव्हती.

त्याच सुमारास राज्यांची उलथापालथ झाली. आम्ही तापीकाठी होतो तिथंच होतो, पण राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि आमच्या शेजारचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला. लोकांनी चहाच्या दुकानांत भांडणं केली. भाऊंनी कार्डं केली. 'मध्यप्रांत, पहा: मध्यप्रदेश, जुना.' 'मध्यप्रदेश, जुना, हेही पहा: मध्यप्रदेश, नवा.' 'वऱ्हाड, पहा: मुंबई राज्य.'

"म्हणजे भाऊ, अकोल्याला जायचं तर मुंबईत पाहायचं?" मी छेडलं.

"सरकारनं नेलं, मी काय करू?" भाऊ म्हणाले. "गेलं ते गेलं. कुठी गेलं, तेवढं सांगणं माझं काम."

पुढे वरून फर्मान आलं की ग्रंथालयाचं कामकाज हिंदीत करा. भाऊंनी आपल्या मराठी कार्डांवर एकदा नजर फिरवली. "अक्षर तं एकच आहे," ते म्हणाले, "वाचून घ्या म्हणा." आणि विषय मिटला.

दुपारी तास नसला की मी तिथंच जाऊन बसे. खिडकीतून तापी दिसायची. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद उन्हात पाण्यावर तरंगल्यासारखं वाटायचं. भाऊ मांडीवर खण घेऊन कार्डं लावत बसलेले असत. बोटांखाली कार्डं सरकण्याचा तो बारीक आवाज ऐकता ऐकता डोळे जड व्हायचे. अर्धवट झोपेत मला वाटे की नदी, नाव, पलीकडचा घाट, सगळंच कुणीतरी हलक्या हातानं क्रमानं लावत चाललंय. त्या खोलीइतकी निवांत झोप मला घरीही लागली नाही.

एक गंमत सांगायची राहिली. भाऊंनी एकही लेख कधी वाचला नव्हता. नाव, लेखक, अंक, पान, बस्स. "वाचणारा वेगळा, लावणारा वेगळा," ते म्हणत. "हलवाईच खात बसला तं दुकान चालीन का?" फक्त नवा अंक आला की आधी लेखकांची यादी काढत आणि तिच्यावरून सावकाश बोट फिरवत. शेवटच्या नावाशी आले की चष्मा काढून पुसत. मग कामाला लागत. ही त्यांची लकब असेल म्हणून मी सोडून दिलं.

एका पावसाळ्याअखेर गावाकडून, निंबोल्याहून, माझ्या काकांचा निरोप आला. कपाशीवर अळी पडली होती, आणि घरात एवढा शिकलेला माणूस असून काय उपयोग, असंही निरोपात होतं. मी भाऊंकडे गेलो.

"कपाशीवरची अळी."

डोळे मिटले. "कापूस. त्यात कीड. त्यात बोंडअळी. खिडकीकडून चौथी रांग."

कार्ड सापडलं. लेखक होते मोघे नावाचे कुणी. याच मोघ्यांनी अळीवर आणखी काही लिहिलंय का, हे पाहायला मी लेखकांचा 'म'चा खण ओढला. मोघ्यांच्या पुष्कळ आधी एक उंच गुलाबी कार्ड उभं होतं. ज्याचे लेख ढीगभर असतील, अशाच लेखकासाठी भाऊ तसं कार्ड लावत. त्यावर लिहिलं होतं, 'महाजन, पुंडलिक.' मी मागे पाहिलं. मागे त्या नावाचं एकही कार्ड नव्हतं.

"भाऊ, हे कोण?"

या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, खण माझ्या हातून घेऊन मांडीवर ठेवला. एरवी उत्तर द्यायला त्यांना डोळे मिटण्याएवढाच वेळ लागे.

"धाकटा माझा," ते म्हणाले. "माय-बाप लवकर गेले. मीच वाढवला. नागपूरले सायन्सले धाडला. दोनदा नापास झाला. सुट्टीत घरी आला, तं माझं डोकं फिरलं. बोललो, नाव छापून आल्याबिगर मले तोंड दाखवू नको."

"मग?"

"मग काय. शब्दाचा पक्का निघाला. दाखवलं नाही. पत्रं धाडली, ती परत आली. हुशार होता, मास्तर. परीक्षेत नाही, पण होता. कुठं ना कुठं नाव येईनच. आलं का सगळ्यात आधी मले कळीन, म्हणून..." त्यांनी छतापर्यंतच्या त्या खणांकडे नुसतं पाहिलं.

मला हसू यायचं त्या खणांचं. त्या क्षणी स्वतःची लाज वाटली.

मोघ्यांचा अंक घेऊन मी खिडकीशी बसलो. मी आळशी माणूस. कुठलाही लेख शेवटून वाचतो, म्हणजे उपाय आधी कळतो. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात आभार होते. फार्मवरचे मदतनीस पुंडलिक महाजन यांनी दोन हंगाम रोज पहाटे शेतात उभं राहून अळ्यांची नोंद ठेवली, त्यांच्या चिकाटीवाचून हा लेख झाला नसता, असं मोघ्यांनी लिहिलं होतं.

मी ती ओळ तीनदा वाचली आणि अंक भाऊंच्या पुढ्यात ठेवून बोट दाखवलं.

त्यांनी अंकाआधी कार्ड हातात घेतलं. "अक्षर माझंच आहे," ते पुटपुटले. "दोन वर्षं झाली याले. हा अंक माझ्या हातातून गेला, मास्तर." मग पानावर बोट ठेवून, ओठ हलवत, ते वाचू लागले. भाऊंना वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ओळ संपली की ते पुन्हा तिच्या सुरुवातीला जात.

"लेखक नाही," शेवटी ते म्हणाले. "मदतनीस."

"भाऊ, नाव छापून आलंय."

"हाव." बोट त्या नावावरच होतं. "बारीक आलं. पण आलं." आणि चष्मा न काढताच त्यांनी डोळे पुसायचा प्रयत्न केला. मी तापीकडे पाहत बसलो.

"फार्म कुठी आहे?"

मी लेखावरचा पत्ता पाहिला. "वऱ्हाडात."

"वऱ्हाड," भाऊंनी सवयीनं सुरुवात केली, "पहा..." आणि थांबले. दिल्ली, बंगलोर, कलकत्ता, कुठले कुठले अंक ते वर्षानुवर्षं धुंडत होते. "भुसावळले गाडी बदलली का आलंच की हो," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. ग्रंथालय उघडं, खण जागच्या जागी, माठ भरलेला. मी 'म'चा खण ओढला. गुलाबी कार्डामागे एक नवं कार्ड आलं होतं: 'महाजन, पुंडलिक. कपाशीवरील बोंडअळी. शेवटचं पान, शेवटची ओळ.'

वळलो तेव्हा खुर्चीवर आणखी एक कार्ड दिसलं. अक्षर तेच, पण शाई जरा फाकलेली.

'महाजन, सखाराम. पहा: महाजन, पुंडलिक.'

मी नीट पाहिलं. 'हेही' लिहिलेलं नव्हतं.

मग ते कार्ड उचललं आणि 'म'च्या खणात त्याच्या जागी लावून ठेवलं.