विंगेतला पेशंट

रुग्णवाहिकेच्या प्रशिक्षण केंद्राला प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एक खोटा पेशंट हवा होता. भाचीने घरी येऊन हे सहज सांगितलं, आणि मामा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"भूमिका कसली आहे?"

"अर्धांगाचा झटका आलेला माणूस. तोंड वाकडं, एक हात लुळा. वाक्य एकही नाही."

"वाक्य नसलं तरी प्रवेश आहे ना?" मामा म्हणाले. "झालं तर मग."

मामांचं अर्धं आयुष्य हौशी नाटक मंडळींच्या विंगेत गेलं होतं. दिवसा कचेरी, संध्याकाळी प्रॉम्प्टिंग. रंगमंचावर कुणाचं वाक्य अडलं की अंधारातून मामांचा आवाज यायचा. पहिल्या रांगेलाही ऐकू न जाणारा, पण नटाच्या कानात नेमका पोचणारा. लहानपणी भाची त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसायची. रंगांचा, धुळीचा, तापलेल्या दिव्यांचा वास यायचा आणि त्या कुजबुजीच्या लयीत तिला झोप लागायची. मग मामा तिला खांद्यावर टाकून घरी आणायचे. पुढे मंडळी पांगली, नट म्हातारे झाले, पण मामांना एकदाही कुणी तोंडाला रंग लाव म्हटलं नाही.

भाचीची ही परीक्षेची दुसरी खेप. पहिल्या वेळी सगळं पाठ असूनही ऐनवेळी तिची दातखीळ बसली होती. म्हणून आठवडाभर पुस्तक हातात धरून मामांनी तिची तालीम घेतली. तिच्याआधी त्यांचंच पाठ झालं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मामा हॉलमधल्या चटईवर आडवे झाले. बाकीचे प्रशिक्षणार्थी भिंतीला टेकून बसले होते. परीक्षक बाई पेशंटच्या माहितीचं कार्ड घेऊन उभ्या राहिल्या. भाची गुडघ्यांवर बसली. तिने आधी आजूबाजूला धोका नाही ना ते पाहिलं, मामांच्या खांद्यावर थोपटून हाक मारली, श्वास पाहिला. आणि पुढचं सगळं पाटी पुसावी तसं पुसलं गेलं.

"चेहरा," चटईवरून कुजबुज आली.

भाचीने चेहरा पाहिला.

"आता हात. दोन्ही वर करायला सांग."

तिने सांगितलं. मामांनी एक हात वर केला आणि दुसरा मोठ्या कष्टाने खाली पडू दिला.

"बोलणं तपास. आणि त्रास कधी सुरू झाला ते विचार."

"पेशंट बोलला का?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. जीभ जड झाली आहे का, तेच बघत होते."

"मला तर अगदी स्पष्ट ऐकू आलं."

मामांनी तत्काळ जीभ जड केली. भिंतीजवळ हसू फुटलं. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला, मग बोटं थरथरू लागली.

"घाम कसा आणला असेल हो?" मागून कुणीतरी म्हणालं. एकाने टाळीसुद्धा वाजवली.

भाचीने कान खाली नेला. पुढे साखर तपासायची होती, कारण रक्तातली साखर उतरली तरी माणूस अगदी झटका आल्यासारखा दिसतो. हे मामांनीच तिच्याकडून चारदा घोकून घेतलं होतं. मामांचे ओठ हलले.

"सरकार, पाहुणे दिवाणखान्यात खोळंबलेत."

"काय?"

"कंदील घे. कंदिलाशिवाय आत जाऊ नकोस."

हॉल खदखदून हसला. भाचीला मात्र हसू आलं नाही. अंगात ताप असो की नाट्यगृहातले दिवे गेलेले असोत, मामांनी कधी एका नाटकात दुसऱ्या नाटकाचं वाक्य दिलं नव्हतं. चुकायचे ते नट.

"बाई, मी साखर तपासते."

"तपासली असं धर. एकशे दहा आहे."

"खरीच तपासते."

"सरावाच्या पेशंटला सुई टोचायची नाही. टोचलीस तर परीक्षा इथेच थांबेल."

"थांबू दे," असं म्हणून भाचीने पेटी उघडली.

यंत्रावर अठ्ठेचाळीसचा आकडा आला. बाईंनी वाकून पाहिला आणि हातातलं कार्ड गुपचूप खिशात घातलं.

"मामा, सकाळी काय खाल्लंत?"

"प्रयोगाआधी नट खात नसतो," मामा कसंबसं म्हणाले. "गोळी घेतली. तुझ्या मामीने दिली."

"मधुमेहाची गोळी घेतलीत आणि उपाशी आलात?"

आता भाचीला कुणी काही सुचवायची गरज उरली नव्हती. "यांना बसवा. शुद्धीवर आहेत, आधी एक घोट पाणी गिळता येतंय का बघू. बेशुद्ध असते तर तोंडात काही घातलं नसतं. बाई, साखर आणा. भरपूर."

आणि ज्यांना बघून सगळी तुकडी चळचळा कापायची, त्या बाई साखर आणायला पळत सुटल्या.

साखरपाणी पोटात गेलं. पंधरा मिनिटांनी आकडा वर सरकला आणि मामांच्या नजरेत ओळख परत आली. तरी भाचीने स्ट्रेचर मागवलंच. गोळीचा असर रेंगाळतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून दवाखान्यात नेणं भागच होतं.

रुग्णवाहिकेच्या दाराशी बाई म्हणाल्या, "पास आहेस. सुईबद्दल मात्र लेखी खुलासा दे."

"आणि माझं काम कसं झालं?" मामांनी आडव्याआडव्याच विचारलं.

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "सुरुवात फार कृत्रिम वाटली. घाम आल्यानंतर बरं होतं."

मामांनी मान डोलावली. आजवर त्यांच्या कामाबद्दल कुणी चांगलं-वाईट एक अक्षर बोललं नव्हतं.

तेवढ्यात भाचीने मामींना फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं. मग मामी एवढंच म्हणाल्या, "दे त्यांच्याकडे."

भाचीने फोन पुढे केला. मामांनी डोळे मिटले. हात स्ट्रेचरवरून खाली लोंबकळला आणि श्वास चालतोय की नाही, तेही कळेना.

बाई बघत राहिल्या. "आता जमलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.