खरवसाचं बारसं

नाव कसं ठेवायचं, हे अख्ख्या नगर जिल्ह्यात मला एकट्याला कळतं! याच भरवशावर मी दूध संस्थेतली नोकरी सोडली. आईचा खरवस डब्यांत भरायचा, झकास नाव द्यायचं आणि नगर शहरात, सावेडीत विकायचा! तिथले दुकानदार भागवतशेठ म्हणाले होते, "शनिवारी दहाला चाळीस डबे आणा. फ्रीजमधला एक कप्पा कायमचा तुमचा. चुकलात तर दुसऱ्याला! आणि खरवस नका म्हणू, 'देशी चीज' म्हणा. चीज म्हटलं की पोरं तुटून पडतात."

मी लगेच लेबलं छापली. 'चेतन्स देशी चीज'!

"ते रबरावानी ताणतं ते?" आईनं विचारलं. "माज्या खरवसाला त्याचं नाव?"

"आई, हे मार्केटिंग आहे!"

गुरुवारी आक्का चिकाची किटली घेऊन आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण पुष्पावती, गावातच दिलेली. तिच्या दोन म्हशी एकाच आठवड्यात व्यालेल्या, म्हणून तर खरवस! वीस डबे झाले होते, वीस व्हायचे होते. तिनं लेबल वाचलं आणि किटली खाली ठेवलीच नाही.

"नाव कुनी ठिवलं?"

"मी."

"आन् आत्या मेली व्हय रं?"

"आक्का, हा खरवस आहे!"

"तुजाच हाय ना? मंग मी त्याची आत्या! नाव ठिवायचा मान माजा. जाते, चीक रेडकांना पाजते!"

ती खरंच वळली. नोकरी गेलेली, कप्पा हातातून निघालेला!

"थांब आक्का! तूच ठेव नाव!"

"असं उभ्या उभ्या? बारसं कर. उद्या दुपारी. बायका बोलव."

शुक्रवारी दुपारपर्यंत चाळीसही डबे तयार झाले. एकाला टोपडं घालून पाळण्यात ठेवलं. मला वाटलं पाच-सहा बायका येतील. साठ आल्या! आक्का आता काय नाव ठेवते या काळजीनं मी पाळण्याजवळ सरकलो. ती पाळण्यात वाकली, "कुर्र्र!" केलं, बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले, आणि ती ताठ होऊन म्हणाली, "भिमाजी!"

आमच्या वडिलांचं नाव! दादांना जाऊन तीन वर्षं झाली. आईनं डोक्यावरून पदर ओढला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलेलं नाही!

"आई, गिऱ्हाइकाला काय सांगशील?" मी विचारलं.

"सांगीन, आमचं हे घ्या म्हनून!"

मी ओसरीवर गेलो. माझी बायको अश्विनी स्केचपेननं नवी लेबलं लिहायला बसली. "निदान वाचता येईल असं नाव मिळालं," ती म्हणाली. चाळीस लेबलं पुरी करून आत आलो, तर सगळीकडून चमच्यांचा आवाज! आई रडत होती, हसत होती आणि डबे वाटत होती.

"आई! अगं, उद्याचा माल!"

"ह्यांच्या नावाचं हाय. रिकाम्या तोंडानं कुनाला धाडू रं?"

मी पाळण्याकडे धावलो. टोपडं बाजूला पडलं होतं आणि आक्का डब्याचा तळ खरवडत होती. "आत्याचा मान!" ती म्हणाली.

शनिवारी दहाला मी सावेडीत हजर! पिशवीत चाळीस लेबलं आणि एक रिकामा डबा. शेठनी झाकण उघडून वास घेतला.

"झकास! माल कधी?"

"म्हशी परत व्यायल्या की, शेठ. साधारण सव्वा वर्षानं."

त्यांनी लेबलं मला परत दिली आणि डबा तेवढा ठेवून घेतला. गल्ल्यापाशी टाचण्यांना होईल म्हणाले.

सोमवारी मी नोकरी परत मागायला दूध संस्थेत गेलो. सचिवांनी विचारलं, "काय चेतन, सावेडीचं काय झालं?"

मी छाती काढून सांगितलं, "दुकानात आपला डबा लागलाय!"

आता यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा!